खंड्याच्या घशातला काटा

प्रभादेवीच्या किनाऱ्यावर पुतळाबाईचं घर कोणतं, असं विचारलं तर लोक सांगत, "ज्याच्या दारात एका कानाचा कुत्रा बसलाय ते." कान तसे खंड्याला दोन्ही होते, पण एक गावठी कुत्र्यासारखा ताठ उभा आणि दुसरा साहेबाच्या कुत्र्यासारखा लोंबता. आई कोळीवाड्यातली, बाप वरळीकडच्या कुठल्याशा बंगल्यातला. अंग तांबूस, शेपटी वळलेली, पाय जरा आखूड. खंड्या पक्षी मारतो तशी पाण्यात उडी मारायचा, म्हणून नाव खंड्या.

स्वभावाने तो पुतळाबाईच्या उलट होता. ती तोंडाळ, तो अबोल. वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घातले की तो खाली सावलीत बसे. कावळा बसला तर उठे, एकदाच भुंके, परत बसे. पण स्वतः एका बोंबलाला कधी तोंड लावलं नाही. तीन वर्षांची नात रखमा त्याच्या पाठीवर डोकं ठेवून झोपे, तेव्हा अंगावर माशी बसली तरी तो हलत नसे.

"माणसांत जन्माला यायचा, चुकून इकडं आला," असं पुतळाबाई म्हणे. नवरा हरेश्वर हसे. "मग तुझ्याशी लग्न त्यानंच केलं असतं. भांडण झालं नसतं कधी."

पुतळाबाई खंड्याची निगा पोटच्या पोरासारखी राखी. गोचिड्या काढून तिथं खोबरेल लावी. माशाचं डोकं शिजवून, काटे वेचून, बिनमिठाच्या भातात कालवून घाली. काटा हा तिचा खास विषय. कोळीवाड्यात कुणाच्या पोराच्या घशात काटा अडकला की आधी पुतळाबाईला हाक जाई. ती पोराला मांडीत दाबून धरी, घशात दोन बोटं घाली आणि काटा बाहेर काढून पोराच्याच हातावर ठेवी.

त्या हिवाळ्यात एक उपरा कुत्रा किनाऱ्यावर आला आणि खंड्याचा लोंबता कान फाडून निघून गेला. पुतळाबाईने हळद भरली. कान भरून आला, सगळे ते विसरलेही.

शिमग्याच्या सुमारास खंड्याने खाणं सोडलं. उलट्या घातलेल्या होडीखाली अंधारात जाऊन बसला. खालचा जबडा लोंबत होता, लाळ गळत होती, पाणी पुढे ठेवलं तर जीभ हलवी पण गिळता येत नव्हतं. पुतळाबाईने एका नजरेत ओळखलं.

"काटा हाय. शिंगाळ्याचा असंल. कुणी मेल्यानं टाकलं याच्यापुढं?"

"पिसाळला तर नसंल ना गो?" हरेश्वर म्हणाला.

"पिसाळलेला असा गप बसतोय होय? धावून गेला असता अंगावर."

तिने खंड्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि हात त्याच्या घशात घातला. जिभेच्या मुळाशी, दाढांच्या मागे, सगळीकडे चाचपलं. काटा नव्हता. खंड्या चावला नाही. उलट तिचा हात बाहेर आला तेव्हा त्याने तो चाटायचा प्रयत्न केला, पण जीभ वळली नाही. दुसऱ्या दिवशी तो त्या होडीखालीच मेला. घरच्यांनी त्याला वाळूत पुरलं. पुतळाबाई दोन दिवस जेवली नाही.

माशांची पाटी घेऊन ती लालबागच्या चाळीत गेली तेव्हा सुभद्रेने विचारलं. सुभद्रा कोकणातली, नवरा गिरणीत. पुतळाबाईचं जुनं गिऱ्हाईक.

"काय गो, तोंड असा कित्याक?"

पुतळाबाईने सगळं सांगितलं. सुभद्रेच्या हातातला बांगडा हातातच राहिला.

"असो गप बसणारोय पिसाळता गो बाय. आमच्या गावात गुराखी होतो. तेका कुत्रो चावलो नाय, नुसती लाळ जखमेक लागली. हाताक काय कापलेला होता काय तुझ्या?"

"कोळणीचा हात न कापलेला कधी असतो?" पुतळाबाई हसली आणि हसता हसता तिने आपला हात पाहिला. पापलेटाच्या परांचे, कोयत्याचे, नवे-जुने ओरखडे. त्या दिवशीही ते होतेच.

"त्याचं काय झालं, त्या गुराख्याचं?" पुतळाबाईने विचारलं.

सुभद्रेने घासाघीस न करता बांगडे घेतले आणि वर मूठभर तांदूळ पाटीत टाकले.

पिसाळण्यावर तेव्हा इलाज नव्हता; पुतळाबाईने घरी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ती रखमाला आपल्या ताटात बसवीना. पूर्वी मासा दाताने सोलून, काटे काढून ती नातीला भरवी. आता पोर जवळ आली की, "आयकडं जा" म्हणे. सून गुणवंतीला ते लागलं.

"माझ्या पोरीनं काय केलं, आत्याबाय? कुत्रा मेला तो तिच्यामुळं काय?"

"तुझी पोर फार लाडावलीय," एवढंच पुतळाबाई बोलली. गुणवंतीने तोंड फिरवलं. रोज सकाळी पुतळाबाई सगळ्यांच्या आधी उठे आणि तांब्याभर पाणी घटाघट पिई. पिसाळलेल्याला पाणी गिळवत नाही; तिला ते उतरलं की ती कामाला लागे.

बोंबलाचा हंगाम संपत आला तेव्हा हाताला मुंग्या आल्या. मग आग. मग एका सकाळी तांब्या ओठाला लावला आणि घसा असा आवळला की तांब्या हातातून सुटला. दार उघडलं, समुद्राचा वारा तोंडावर आला, आणि तेवढ्यानेही घसा आवळला. जन्मभर ज्या वाऱ्यात उभी राहिली, त्याच्याकडे पाठ करून ती भिंतीला धरून उभी राहिली.

श्वास जागेवर आल्यावर तिने मुलाला हाक मारली. "चंदू, होडी काढ. गुणवंतीला नि पोरीला वेसाव्याला सोड."

"आता? आज?" गुणवंती म्हणाली. "मला घालवताय काय माहेरी?"

"घालवते. जा. पावसाआधी तुझ्या आयशीला नात दाखवून ये. मी बोलावल्याबिगर येऊ नको."

गुणवंतीने डोळे पुसत गाठोडं बांधलं. पुतळाबाई पोचवायला किनाऱ्यावर गेली नाही. घराच्या मागच्या बाजूला, वारा लागत नव्हता तिथे उभी राहिली.

"आजे! आजे, ये ना!" रखमा होडीतून ओरडत होती.

पुतळाबाईने दोन्ही हात गळ्यावर दाबले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला. "जा गो भवाने! तुझा मामा चिंबोऱ्या घेऊन बसलाय!"

होडीतून पोरीचं हसू आलं. मग वल्ह्यांचा आवाज, मग तोही गेला.

हरेश्वर शोधत मागे आला तेव्हा ती खाली बसली होती. त्याने तिच्या तोंडातून खंड्यासारखी गळणारी लाळ पाहिली आणि त्याला विचारायची गरज पडली नाही.

"पुतळे, मला आधी का नाय सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंत? पोरीला हात लावला नाय मी, तेवढं बरं झालं. सुनेला मागनं सांगा, राग नव्हता म्हणून." ती उठली, आपल्या पायांनी आतल्या खोलीत गेली. "आता बाहेरनं कडी घाला. मी कायबी बोलले तरी उघडू नका."

हरेश्वरने दार लोटलं. कडी हातात घेतली, पण घातली नाही. मग दार उघडून आत गेला आणि तिच्या शेजारी बसला.