नावाची मोकळी जागा

"चूक कुणाची हे इथं कोणी विचारत नाही, कबुली नीट लिहिलेली पाहिजे," असं एर्मेक एकदा म्हणाला होता. तेव्हा तो पलंगावर मांडी घालून बसला होता, मांडीवर उशी, उशीवर वही, आणि वहीत तो एका येमेनी मुलाचा पश्चात्ताप लिहीत होता. तो मुलगा दाराशी उभा राहून मोबाइलवर कुस्ती बघत होता.

चीनमधल्या लान्चोऊ शहरातलं आमचं परदेशी विद्यार्थ्यांचं वसतिगृह पाच मजली होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत आम्ही चौघं. किरगिझस्तानातल्या नारिनचा एर्मेक, झांबियाचा चिलेशे, लाओसचा फोनसाय आणि मी. आम्ही तिघं विशीच्या आसपास, एर्मेक छत्तीसचा. त्याला आम्ही तोंडावर दादा म्हणायचो आणि पाठीमागे आजोबा. नंतर नंतर तोंडावरही आजोबाच.

नियम असा होता की, उशिरा आलात, पाहुणा झोपवलात, खोलीत काही शिजवलंत, की कबुलीपत्र लिहायचं. आठशे अक्षरं, हातानं. मग शुक्रवारी दुपारी तळमजल्याच्या सभागृहात सगळ्यांसमोर उभं राहून ते वाचायचं. वाचलं की बहुतेक गुन्हे माफ. वर्षभर चिनी शिकलेल्या पोराला आठशे अक्षरं लिहायला आठवडा लागतो. एर्मेकला तास पुरायचा.

"पहिल्या परिच्छेदात लाज," तो सांगायचा, "दुसऱ्यात कारण. कारण छोटंच ठेवायचं, कारण वाढलं की लाज खोटी वाटते. तिसऱ्यात विद्यापीठाचे उपकार. मग आई."

"आई कशाला?"

"आई आणल्याशिवाय छ्यू मॅडमला पटत नाही."

परदेशी विद्यार्थ्यांचा विभाग या छ्यू मॅडमकडे होता. एर्मेक पानाच्या तळाशी उजवीकडे दोन बोटं जागा मोकळी सोडायचा आणि पान पुढे करायचा. "नाव ज्याचं त्यानं. तेवढं तरी स्वतःच्या हातानं लिहा, गाढवांनो. आणि दुमडू नका. दुमडलेली कबुली म्हणजे खिशातली कबुली, न दिलेली."

याचा मोबदला म्हणजे हलाल खानावळीत गोमांसाच्या नूडल्सचा एक वाडगा, आणि तो संपेपर्यंत समोर बसणं. एकट्यानं जेवायला त्याला आवडत नसे. वाडगा सगळे देत. समोर कोणी बसत नसे. कारण जेवताना तो बोलायचा. घाटात बर्फ पडलं की ट्रकचं डिझेल कसं गोठायचं, चाकाला साखळी कशी बांधायची, चिनी ट्रकवाल्यांकडून पहिले शंभर शब्द कसे शिकला आणि त्यातले साठ कसे चारचौघांत बोलण्यासारखे नव्हते. पोरं वाडगा टेबलावर ठेवून "आलोच" म्हणत आणि जात. काचेतून आम्ही पाहायचो. तो चमच्यानं रस्सा ढवळत दाराकडे बघत राहायचा. चिलेशेनं एकदा वेळ मोजला होता. अकरा मिनिटं थांबून मग त्यानं खायला सुरुवात केली.

तिसाव्या वर्षी ट्रक सोडून तो शिष्यवृत्तीवर आला होता. एक वर्ष नापास झाला. आता शेवटचं सत्र चाललं होतं आणि जुलैमध्ये पदवी मिळायची होती. नारिनच्या शाळेनं चिनी शिकवायची जागा त्याच्यासाठी सप्टेंबरपर्यंत धरून ठेवली होती, पदवी आणली तरच. ते पत्र त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उशाशी भिंतीला चिकटवलं होतं. बायको मॉस्कोत हॉटेलच्या खोल्या झाडत होती. मुलगी बेगिमाय आजीकडे होती, अकरा वर्षांची. दर रविवारी तो फोनवर तिला एकच वाक्य सांगायचा. त्याची भाषा आम्हाला येत नसे, तरी ते वाक्य आम्हा तिघांना अर्थासकट पाठ झालं होतं. गवत कापायच्या आधी येतो. चिलेशे त्याची हुबेहूब नक्कल करायचा, मान वाकडी करून, शेवटचा स्वर लांबवून. एर्मेकही हसायचा. हसला की वरचा सोन्याचा दात दिसायचा.

"ए आजोबा, दात विकून तिकीट काढा की!"

"तो दात बेगिमायच्या लग्नाचा आहे. हात लावाल तर चावेन."

एप्रिलमध्ये धुळीची वादळं सुरू झाली. गरम पाण्याची खोली अंगणापलीकडे होती. थर्मास भरून आणायचे तर डोळ्यांत, दातांत वाळू. चिलेशेनं फाटकाबाहेरच्या बाजारातून पाणी तापवायची विजेची कांडी आणली. थर्मासात सोडायची, बटण दाबायचं. वसतिगृहात तिला सक्त बंदी होती.

"ही खोलीत दिसली तर मी मू मावशीला सांगेन," एर्मेक म्हणाला. मू मावशी म्हणजे आमच्या इमारतीची रखवालदार. तळमजल्याच्या काचेच्या खोलीत बसून ती वर्षभर विणत असायची.

त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तोंडाला रुमाल बांधून तो स्वतःच आमचे थर्मास भरून आणू लागला. एका हातात दोन, दुसऱ्या हातात दोन. त्याला तसा जिन्यातून येताना पाहून आम्ही हसून हसून पडायचो. कांडी मात्र ठेवली होतीच.

आमच्याकडे रात्री अकराला वीज जायची आणि सकाळी सहाला यायची. एका रात्री फोनसायनं कांडी लावली, पाणी तापायच्या आत वीज गेली. त्यानं कोमट पाणी पेल्यात ओतून घेतलं, कांडी रिकाम्या थर्मासात परत टाकली आणि झोपला. बटण चालूच. खोलीत भिंतीचा एकच प्लग, एर्मेकच्या पलंगाशी.

सकाळी सहाला वीज आली तेव्हा एर्मेक मैदानावर होता. तिथं पहाटे शेकडो पोरं भिंतींकडे तोंड करून धडे मोठ्यानं वाचतात, तो त्यांच्यातच असायचा. आम्ही खोकत जागे झालो तेव्हा त्याची गादी पेटली होती. मू मावशी लाल नळकांडं घेऊन तीन मजले चढून आली. आग तिनं विझवली, पण पलंगाची तापलेली लोखंडी पट्टी बाजूला करताना तिच्या उजव्या तळव्याचं कातडं पट्टीला चिकटून राहिलं.

एर्मेक पुस्तक काखेत धरून आला. गादी पाहिली, भिंत पाहिली. शाळेचं पत्र पिशवीसकट वितळून काळी चिकटी झालं होतं.

"कोण?"

फोनसाय रडायला लागला. एकोणीस वर्षांचा होता तो, रडला की नाकातून फुगा यायचा.

"गप. पत्र शाळा दुसरं देईल." एर्मेकनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "आज लिहून देतो. मावशीचा हात भाजलाय, पहिला परिच्छेद मोठा लागणार. जाऊन तू स्वतः दे. आधी कबूल केलं की निम्मं माफ होतं."

दुपारभर त्यानं लिहिलं. इतकं चांगलं त्यानं कधीच लिहिलं नव्हतं. 'माझ्या आईच्या वयाच्या बाईनं माझ्या आळसाची किंमत आपल्या तळहातानं मोजली. यापुढे गरम पाण्याचा प्रत्येक घोट मला तिचा हात आठवून प्यावा लागेल.' चिलेशेनं वाचून शिट्टी वाजवली. तळाशी उजवीकडे दोन बोटं जागा मोकळी होती. ते पान फोनसायच्या हातात देऊन एर्मेक पेअरची पिशवी घेऊन मू मावशीला बघायला दवाखान्यात गेला.

दार लागलं.

"मला काढून टाकतील," फोनसाय म्हणाला. "आगीला माफी नाही, मॅडमनं पहिल्याच दिवशी सांगितलंय. माझा बाप मला घरात घेणार नाही."

"कांडी कोणी आणली हेही विचारतील," चिलेशे म्हणाला आणि खिडकीकडे गेला. "प्लग आजोबाच्या पलंगाशी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. गादी त्याची जळली, अक्षर त्याचं आहे. मॅडमचा लाडका आहे तो. त्याला काय करणार? शिकून झालंय त्याचं. ओरडतील आणि सोडतील."

त्याला सोडतील, असं आम्ही मानलं. मानायला सोपं होतं. फोनसायनं पान माझ्यापुढे ठेवलं. त्या दोघांचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं होतं. मला लिहायला एर्मेकनं शिकवलं होतं, पहिल्या वर्षी, माझी मूठ आपल्या मुठीत धरून. मजल्यावरच्या सगळ्यांत त्याच्यासारखं अक्षर फक्त माझं यायचं. आय मिंग. त्याचं चिनी नाव, दोनच अक्षरं. त्याचंच पेन पलंगाखाली पडलं होतं. मी लिहिलं. वारा येत होता म्हणून चिलेशेनं कागद धरून ठेवला. पाकिटात घालून फोनसायनं तो मॅडमकडे नेऊन दिला.

शुक्रवारी सभागृह भरलं. एर्मेक दाढी करून, घरची पांढरी लोकरी टोपी घालून दुसऱ्या रांगेत बसला होता. आमच्याकडे वळून फोनसायला म्हणाला, "घाईत वाचू नको. आईपाशी थांब. एक श्वास घे, मग पुढे."

फोनसायनं मान हलवली.

छ्यू मॅडम उभ्या राहिल्या. कागद त्यांच्या हातात होता. "आय मिंग, पुढे या."

एर्मेकनं हसून मागे पाहिलं. मॅडमची नावात गफलत झाली असं त्याला वाटलं असावं. त्यानं बोटानं फोनसायकडे दाखवलं. फोनसाय आपल्या बुटांकडे बघत होता.

"आय मिंग, तुम्हीच. या."

तो गेला. मॅडमनी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं वरची ओळ पाहिली, स्वतःचीच. मग नजर सरळ तळाशी उजवीकडे गेली आणि तिथं थांबली.

"अक्षर तुमचंच ना?" मॅडमनी विचारलं.

त्यांच्या कपाटात गेल्या चार वर्षांची कबुलीपत्रं होती आणि निम्म्याहून जास्त या एकाच अक्षरातली. वरिष्ठ आले की त्या ती काढून दाखवायच्या, आमची परदेशी मुलं किती सुंदर लिहितात बघा. लिहिणारा एकच आहे हे त्यांना ठाऊक होतं, त्यांना ठाऊक आहे हे आम्हाला ठाऊक होतं, आणि त्यालाही.

"निर्णय झालाय," त्या म्हणाल्या. "शिष्यवृत्ती आजपासून बंद. वसतिगृह संध्याकाळपर्यंत सोडायचं. पदवीच्या परीक्षेला बसता येणार नाही. वाचा आता."

पहिल्या रांगेतून मू मावशी उठली. उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांत. "अहो मॅडम, हा कुठं होता खोलीत? साडेपाचला मी फाटक उघडलं तेव्हाच हा मैदानावर गेला. तिथं ओरडून ओरडून वाचत होता, मला माझ्या खोलीपर्यंत ऐकू येत होतं."

"ताई, तुमच्या हाताला विश्रांती हवी. बसा."

"अहो पण—"

"बसा म्हटलं ना."

ती बसली. विणायची सवय असलेला डावा हात मांडीवर नुसताच हलत राहिला.

एर्मेकला एक वाक्य पुरलं असतं. त्यानं मान वर केली आणि रांगांवरून नजर फिरवत आणली. फोनसायवर ती थांबली नाही. माझ्यावर थांबली. माझ्या तोंडावर नाही, उजव्या हातावर. मी तो हात मांडीखाली घेतला.

सभागृहात कोणी खोकत नव्हतं. ते चिलेशेला सहन झालं नसावं. मागच्या रांगेतून तो एकदम ओरडला, किरगिझमध्ये, मान वाकडी करून, शेवटचा स्वर लांबवून. गवत कापायच्या आधी येतो.

आधी दोघं हसले, मग दहा-बारा, मग सगळी मागची बाजू. मीही हसलो.

एर्मेकनं कागद मधोमध दुमडला. मग आणखी एकदा, नखानं घडी दाबून. तो मॅडमच्या टेबलावर ठेवला, टोपी नीट केली, मू मावशीसमोर येऊन किंचित वाकला आणि मधल्या वाटेनं बाहेर गेला.