वैलावरची दोन भांडी

पुण्याहून निघालेली एसटी मोशीपाशी इंद्रायणी ओलांडताना धुक्यात शिरली आणि आपण नदीवर तरंगतो आहोत असं वाटू लागलं. चाकणच्या फाट्यावर धोंडिबा उभा होता, माझा तालमीतला जुना दोस्त. ‘राव, वाळलास की!’ म्हणाला.

त्याच्या मळ्यात विहिरीवर नवं इंजिन आलं होतं. थंडीत त्याचं तेल आळून बसतं, हँडल हलत नाही. म्हणून रोज रात्री तेल काढायचं आणि सकाळी वैलावर (चुलीच्या जोडतोंडावर) ऊन करून पुन्हा ओतायचं. शेजारच्या भांड्यात न्याहारीची काकवी, तीही गारठ्यानं घट्ट. दोन्ही काळी, ऊब लागताच रेशमासारखी सैल होणारी. ‘डावं तेलाचं, भावजी,’ धोंडिबाची बायको सरूवहिनी मला सांगून गोठ्यात गेली. मी नुसता बघत बसलो.

‘राव, तेल आण!’ विहिरीवरून हाक आली. मी तंद्रीतच उजवं उचललं. इंजिनाच्या छपरात अंधार, धोंडिबानं ओतलंही.

इंजिन धडधडलं, अडखळलं, थांबलं. मग कांद्याच्या वाफ्यांवरून, धुक्यातून, गुऱ्हाळाचा गोड वास पसरत गेला. मला क्षणभर फार बरं वाटलं.

‘सरे, भांडी बदलून ठिवलीस व्हय? डोळं फुटलं?’ धोंडिबा ओरडला. ‘आता मोट जुपाया लागंल. म्हायेर-बियेर काय न्हाई. दारं कोन धरनार, तुजा बा?’

दुपारी ती माझ्याच सोबतीनं चिंचवडला निघणार होती, भावाच्या साखरपुड्याला. बोचकं दाराशी बांधलेलं. मी गप्प राहिलो.

न्याहारीला तिनं भाकरी वाढली. ‘खावा भावजी. आज कोरडीच हाय.’ ती रडली असती तर मी गप्पच राहिलो असतो, हे आज लिहून टाकतो. तिनं वाढलेलं मात्र गिळवेना.

‘धोंडिबा, वहिनींनी डावं सांगितलं होतं. उजवं मी उचललं.’

‘मग मगाशी दातखीळ बसली हुती?’ त्यानं फावडं माझ्याकडं ढकललं. ‘तू ऱ्हा. दारं धर. ती जाईल.’

दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवणं. धोंडिबा मोटेवरून शिव्या घालत होता आणि माझ्या पायांशी वाफ्यावाफ्यात आभाळ उतरत होतं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीसाठी फाट्यावर आलो, तर समोरच्या एसटीतून वहिनी उतरली.

‘घरी लई हसली समदी. काकवीचं इंजान म्हनं!’

‘माझं नाव सांगितलंत ना?’

‘पाव्हण्याचं नाव कशापायी? म्हनलं, म्याच चुकले.’

गाडी आली. वाटेत चिंचवडकडं जाणारा फाटा लागला. मी उतरलो नाही. चिंचवडात कुणी हे वाचलं, तर त्या घरी एवढं सांगा, तिनं भांडी बरोबर ठेवली होती.