बाळंतिणीच्या कोपऱ्यावरचं धाबं

तुमच्या मासिकात लोकांचे असे अनुभव छापून येतात. मी चौथीपर्यंत शिकलो, हळू वाचतो, पण वाचतो. त्यातले बहुतेक मला खोटे वाटतात – तोंडावर सांगतो, राग धरू नका. पिंपळावरची बाई, उलट्या पायांचा माणूस... माझी जिंदगी मळ्यात गेली. रात्री-बेरात्री पाणी धरायला एकटा गेलो. साप दिसला, तरस दिसलं, रानडुकरं दिसली. दुसरं काही दिसलं नाही.

गेल्या साली चैत्रात बायको वारली. दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं. लोक म्हणाले, तिचा जीव कशात तरी अडकलाय, तिला शब्द दे. मी म्हणालो, कावळ्याचं पोट भरलेलं आहे, दुसरं काही नाही, चला घरी. भावकीला ते लागलं. काही जण अजून बोलत नाहीत. सांगायचं एवढंच, की मी असा माणूस आहे. म्हणून पुढचं लिहायचा मलाच कंटाळा येतो. पण पोटात ठेवूनही कंटाळलो.

देऊळगाव राजाहून साखरखेर्ड्याकडे जाताना एस.टी. फाट्यावर सोडते. तिथून आत, ओढा ओलांडून आमचं गाव. विजेचे खांब आले आहेत, तार यायची आहे. मी वांगी, मिरची, भेंडी लावतो. घर तीन खणांचं, मातीच्या जाड भिंती अन् वर धाबं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो – धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. भिंतींवर सागाच्या तुळया, त्यांवर आडवी बारीक लाकडं, त्यावर पाला, अन् वर हातभर माती. सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. ती भिजली की चिकट होते, पाणी खाली सोडत नाही. दर उन्हाळ्याच्या शेवटी गावाबाहेरच्या टेकाडावरून ती आणायची, पसरायची, चोपायची. उन्हाळ्यात घर गार राहतं, थंडीत ऊब. फक्त झड लागली की गळतं. कोणाचंही गळतं.

गळकं धाबं बुजवायची एक रीत आहे. पाणी वर एकीकडं शिरतं अन् खाली भलतीकडंच टपकतं. वर उभा राहिलेला माणूस आंधळा असतो. म्हणून खाली घरात एक माणूस लागतं. माझी बायको ते करायची. टपकतं तिथं ती ठोकत नसे. कंदील धरून ओलीचा माग काढत जायची, अन् लाकूड जिथून ओलं व्हायला लागलं तिथं खालून मुसळानं ठोकायची. तो ठोका कानाला कमी अन् तळपायाला जास्त कळतो. मी वर अनवाणी. ठोका पायाखाली आला की मी टाच आपटायची, म्हणजे जागा सापडली. मग ती थांबायची. मी चुकीच्या जागी टाच आपटली तर थांबायची नाही, ठोकतच राहायची. खाली उतरलो की वर तोंड करून म्हणायची, "पायाले डोळे नाहीत का तुमच्या?" लग्न झालं तेव्हापासून आमचं पावसाळ्यातलं बोलणं असंच. एक मुसळ अन् एक टाच.

ती गेली तेव्हा शांती – आमची एकुलती पोरगी – पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. लोक म्हणाले, माय नाही आता, सासरीच होऊ द्या. शांतीनं ऐकलं नाही. म्हणाली, "माय नसली तर काय झालं, घर तर हाये माह्यं." माझी थोरली बहीण, आक्का, करायला येऊन राहिली. श्रावणात मुलगी झाली. शांतीची बाज आम्ही मागच्या खोलीच्या कोपऱ्यात टाकली. तो कोपरा आजवर कधी गळला नव्हता. माझ्या बापाच्या वेळेपासून नाही.

मग झड लागली. सूर्य दिसेना. घरभर गंगाळ, परात, तांब्या मांडलेले, टप टप चालू. कोपरा तेवढा कोरडा. पाचवी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जरा उघडीप आली. मी कोरड्या पांढऱ्या मातीची पाटी घेतली अन् शिडी लावली.

आक्का दारातून ओरडली, "अन् ठोकाठोकी करायची नाही हं! वरून माती पडते लेकराच्या डोळ्यात. आपल्या डोळ्यानं पाह्य अन् बुजव."

"खाली ठोकायले हाये कोन आता?" मी म्हणालो.

ती आत लेकराकडं वळली.

वर गेलो. भेगा दिसल्या तेवढ्या बुजवायला लागलो. ढग पुन्हा भरून येत होते. कंबर दुखत होती. दोन-चार जागा झाल्या अन् पायाखाली ठोका आला. मी सवयीनं टाच आपटली. आपटली अन् मग ध्यानात आलं.

मला राग आला, खरं सांगतो. दुसरं काही नाही, राग. शिडीवरून खाली आलो. आक्का चुलीपाशी पाय लांब करून बसलेली, पायांवर लेकरू.

"आक्का, तूच म्हणते ठोकू नको, अन् तूच ठोकून राह्यली?"

"मी? माह्ये हात पाह्य. तेलात बुडेल हायेत."

"शांते, तू?"

"मी कायले ठोकू बाबा? मले धड उठून बसवत नाही."

"मुसळ कुठं हाये?"

आक्का म्हणाली, "कडूबाच्या घरी. हळद कांडायले त्याची बायको घेऊन गेली परवा. तुह्याच हातानं देल्लं ना तू!"

कडूबा म्हणजे आमचा शेजारी, सुतारकाम करतो. मुसळ दिलं होतं, मला आठवलं. घरात तेवढी लांब दुसरी काठी नव्हती. आवाज ऐकला का विचारलं, तर दोघी म्हणाल्या, नाही.

मी परत वर गेलो. अंगात येऊन गेलो असं नाही. काम अर्धं राहिलं होतं म्हणून गेलो. उभा राहिलो अन् पुन्हा ठोका. मी टाच आपटली. थांबेना. सरकलो, आपटली. थांबेना. असा सरकत सरकत मागच्या खोलीच्या कोपऱ्यावर आलो, बाजेच्या बरोबर वर. तिथं ठोका जोरात. ढोपरापर्यंत चढत होता. मी खाली बसून हातानं माती दाबून पाहिली. भेग नाही, बीळ नाही. थर साजरा, चोपलेला. बुजवायला काही नव्हतंच तिथं. मी टाच आपटली, पुन्हा आपटली, दोन्ही पायांनी आपटली. थांबेना.

ती अशी कधी ठोकायची ते मला माहीत आहे. मी बहिऱ्यासारखा भलतीकडं पाहत असलो म्हणजे.

पाऊस सुरू झाला. मी खाली आलो अन् म्हणालो, "शांते, ऊठ. कडूबाच्या घरी चाल."

आक्का उभीच राहिली. "येडा झाला का रे तू? काल पाचवी झाली. ओल्या बाळंतिणीले पावसात बाहेर काढते? तिचं अंग धरलं म्हंजे तू शेकणार हायेस का?"

"धाबं बरं नाही."

"कोणतं बरं नाही? सारं घर गळते, हा एकच कोपरा कोरडा हाये, अन् इथूनच काढते?"

"आक्का, बाजूले हो."

"बायको गेली तवापासून याचं डोकं ठिकाणावर नाही. म्या सांगितलं होतं साऱ्यायले!"

ती खोटं बोलत नव्हती. मी स्वतः तेच मनात म्हणत होतो. डोकं फिरलं असेल अन् मी पोरीला, बोटभर लेकराला, गारठ्यात बाहेर काढत असेन तर? लेकराला काही झालं तर? दाराशी तसाच उभा राहिलो. अंगावरून पाणी गळत होतं.

शांतीनं विचारलं, "बाबा, काऊन?"

"मले नाही सांगता येत. ऊठ."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग पाय खाली सोडले. "आक्का, लेकरू दे इकडं." आक्का बोटं मोडत राहिली, पण घोंगडी तिनंच आणली अन् दोघींवर धरली.

कडूबाचं घर कवेलूचं, म्हणजे कौलांचं. त्याच्या बायकोनं एक शब्द विचारला नाही, चूल पेटवली. म्हणाली, "ये बाई. आमच्या कवेलूतून चांदण्या दिसतात, पण पाणी नाही येत." कडूबा मात्र तोंडाळ. "काय राजा, नात मले देऊन टाकून राह्यला का?"

मी म्हणालो, "पटाशी घे अन् चाल माह्यासंगं."

तो आला. मी कोपऱ्यातली तुळई दाखवली. त्यानं कोरडं लाकूड पाहिलं अन् माझ्याकडं पाहिलं, आक्कानं पाहिलं होतं तसंच. मग बाजेवर चढून पटाशी लावली अन् हातोडी मारली. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. लोण्यात जावी तशी. बाहेर ओढली तर मागून भुगा आला, पिठासारखा, अन् उधई, म्हणजे वाळवी. कडूबा बाजेवरून उडी मारूनच खाली आला.

"बाहेर हो आधी!" तो ओरडला.

ओसरीत आल्यावर त्यानं तंबाखू काढली, पण मळली नाही. "वरचा पापुद्रा तेवढा धरून हाये. अन् वर माती किती? दर साली टाकत आला न तू? गळत नाही त्याच कोपऱ्यावर दोन पाट्या जास्त, म्हंजे तो चांगला राहीन. सारेच करतात. मी पण केलं. सगळ्यात चांगला कोपरा सगळ्यात जड होऊन बसते." मग म्हणाला, "तुले कसं समजलं ते जाऊ दे. हे पडलं काऊन नाही, ते सांग मले."

बाभळीचे टेकू लावून ते धाबं आम्ही उभं ठेवलं. बारसं कडूबाच्या घरीच झालं. आक्का पाळण्याला दोरी बांधत होती अन् माझ्याकडं पाहत नव्हती.

मी कडूबाला सगळं सांगितलं. तो म्हणतो, लाकूड मोडायच्या आधी बोलतं, तेच ऐकलं तू. मी लाकूड बोलताना ऐकलेलं आहे. ते कुरकुरतं. ते ठोकत नाही, अन् टाचेची वाट पाहत नाही. शाळेचे मास्तर म्हणाले, भाऊ, तुमच्या छातीचे ठोके होते ते, या वयात शिडी चढू नका. असतील. पण छाती माझ्याबरोबर सगळीकडं फिरत होती, तर त्याच कोपऱ्यात जोर काऊन आला? मास्तरांनी चहा पाजला अन् विषय बदलला.

जावई न्यायला आले तेव्हा शांती जाताना म्हणाली, "बाबा, ते धाबं काढा अन् टिनं टाका. त्याच्याखाली मी लेकरू घेऊन नाही येणार." तिचं बरोबर होतं. पाऊस गेल्यावर कडूबा दोनदा विचारून गेला. मी एकदा म्हणालो मिरची तोडायची आहे, एकदा म्हणालो कंबर दुखते. सगळ्यांना वाटलं टिनाचा खर्च नको आहे. वाटू दिलं.

दिवाळी झाल्यावर एक दिवस सकाळी मी वर चढलो. झड होती त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मधल्या काळात वर गेलोच नव्हतो. भिलो नव्हतो असं लिहिणार होतो... भिलो होतो. आता ऊन पडलं होतं, माती तडकली होती. घरात कोणी नव्हतं. आक्का तिच्या गावी गेली होती. मी त्या कोपऱ्यापाशी गेलो, टेकू होते म्हणून अगदी वर नाही, बाजूला. टाच आपटली.

थांबलो. पुन्हा आपटली. रस्त्यानं बैलगाडी गेली, ती जाऊ दिली, मग अजून एकदा. मग खाली बसलो अन् तळहात मातीला लावून ठेवला. ऊन डोक्यावर येईपर्यंत बसलो होतो.

कडूबा खालून म्हणाला, "काय शोधून राह्यला बे वर?"

"काही नाही. पहार आण. काढून टाकू."

माती काढायला गाव आलं. पाट्या मोजायला लागलेल्यांनी मोजणं सोडून दिलं. तुळई खाली घेताना हातात तुटली. आता टिनं आहेत. उन्हाळ्यात घर भट्टी होतं. वळीव आला की आत बोललेलं ऐकू येत नाही, शेजारी बसलेल्या माणसाचंही नाही.

या अक्षय्य तृतीयेला शांती आली होती. नात आता रांगते. नाक आजीचं आहे असं आक्का म्हणते, मला नाक कळत नाही. तिला दुपारी त्याच कोपऱ्यात निजवली, वारा तिथं येतो म्हणून. शांती मळ्यात गेली अन् मला राखण बसवलं. मी माशा वारत बसलो. पोर हात-पाय पसरून निवांत झोपली होती. कोणी ठोकलं, काऊन ठोकलं, अन् ते धाबं तोवर कशानं थांबलं – मला काही सांगता येत नाही. कोणाला सांगता येत असेल तर कळवावं. नाही कळवलं तरी चालेल.