बाबाचं बोलून होईपर्यंत

सलूनवाला लहानपणापासून बोलताना अडखळायचा. हातात कात्री आली की बोटं सरसर चालत, पण तोंड उघडलं की पहिल्याच अक्षरावर गाडी अडायची. त्यामुळे त्याच्या दुकानात गप्पा गिऱ्हाइकांनीच मारायच्या असा रिवाज पडला होता.

बापाच्या वाट्याचं सगळं बोलणं बहुधा त्याच्या सहा वर्षांच्या मुलीकडे गेलं होतं. तिला सगळे टकळी म्हणत. आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला, म्हणून शाळा सुटली की टकळी दुकानातल्या बाकावर. दोन माणसं बोलत असली की हिचं नाक मध्ये. बापाचं वाक्य तर ती अर्ध्यातूनच उचलायची. त्याने "मा... मा..." म्हटलं की ही म्हणणार, "मान खाली करा, काका." गिऱ्हाइकं हसत मान खाली करायची. त्यालाही ते सोयीचं वाटे.

एकदा निवृत्त पोस्टमास्तर आले. त्यांची बायको नुकतीच गेली होती. त्या शाळेत शिकवायच्या आणि सलूनवाला त्यांचाच विद्यार्थी. बातमी कळल्यापासून तो मनात एक वाक्य घोळवत होता. पोस्टमास्तरांच्या गळ्याभोवती कापड बांधून झालं, आरशात नजरानजर झाली.

"बा... बा..."

"बाजूने बारीक करू का, विचारतोय बाबा," टकळी बाकावरून म्हणाली.

"कर," म्हणून पोस्टमास्तरांनी डोळे मिटले.

त्याने बाजूने बारीक केलं. ते गेल्यावर खुर्ची झाडत राहिला, केस नव्हते तिथेही.

"चिडलास?" टकळीने विचारलं.

तो तिच्याशेजारी बाकावर बसला. "माझा शब्द ह... हळू येतो. पण येतो. तू आधी बोललीस की तो प... परत जातो."

"पण तू काय म्हणणार ते मला माहीत असतं."

"आज नव्हतं माहीत."

 मग त्याने तिला सांगितलं, कोणी बोलत असताना काही सांगायचं असलं तर माझ्या सदऱ्याचं टोक धर. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला की समज, मला कळलंय. मग थांबायचं.

थांबणं तिच्या रक्तातच नव्हतं. सदरा धरून ती एका पायावर नाचायची, गाल फुगवायची, धीर सुटला की बोलून मोकळी व्हायची. तो रागवत नसे. डोक्यावर हात ठेवायला मात्र विसरत नसे, आणि बोलणं संपलं की कात्री बाजूला ठेवून आधी तिच्याकडे वळायचा. "हं, बोल." हे तिला आवडायला लागलं. मध्ये तोंड घातलं तर तिचं कोणी धड ऐकून घेत नसे.

केस वाढले तसे पोस्टमास्तर पुन्हा आले. गळ्याभोवती कापड बांधून होतंय तेवढ्यात टकळीने येऊन सदरा धरला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बा... बा..."

पोस्टमास्तरांनी सवयीने टकळीकडे पाहिलं. तिने ओठ आत ओढून घेतले होते.

"बाईंनी," तो म्हणाला, "मला रोज धडा वा... वाचायला लावला. पोरं हसायची. माझं वाक्य पुरं होईस्तोवर बाई फ... फळ्याकडेसुद्धा वळायच्या नाहीत."

पोस्टमास्तर आरशातून त्याच्याकडे बघत राहिले. "घरी माझं एक वाक्य पुरं होऊ द्यायची नाही," ते म्हणाले. हसले, आणि कापडाखालून हात काढून डोळे पुसले. "अजून सांग."

त्याने सांगितलं. बाईंनी वर्गासमोर एकदा त्याला कविता म्हणायला लावली, तेही सांगितलं. बराच वेळ लागला. पोस्टमास्तरांनी एकही शब्द त्याच्या तोंडातून काढून घेतला नाही. मग तो खाली वाकला.

"हं, बोल."

"शू लागलीये," टकळी कुजबुजली. "केव्हाची."

"अगं, त्या... त्यासाठी था..."

पण ती कधीच मागच्या दाराने पळाली होती.