माझ्या नावाचे गहू

आई गेली तेव्हापासून मी देवाचं नाव घेणं सोडलं होतं. रागाने नव्हे, सवय सुटली म्हणून. आमच्याकडे धुळ्याला श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे आणि त्याचा नैवेद्य घरच्यांनीच मिळून संपवायचा, अशी रीत. मी सुरतेत एकटी. लग्न केलं नाही, भाऊ नाही. माझ्या घरात गहू घ्यायचे तरी कुणाच्या नावाने? देवीला मी कधी बोलावलं नाही आणि तिचंही माझ्यावाचून काही अडलं नाही, असं मी गमतीने म्हणत असे. अर्थात ऐकायला कुणी नसे.

माझं काम जीवरसायनशास्त्राचं. स्तनाच्या कर्करोगाच्या काही पेशींत स्त्रीसंप्रेरकाला धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, त्याला आम्ही रिसेप्टर म्हणतो. ते असेल तर रोज एक साधी गोळी घेऊन रोगाला आवर घालता येतो. नसेल तर त्या गोळीचा उपयोग शून्य, मग केमो. सगळी नोकरी मी लोकांच्या गाठींमध्ये हे प्रथिन शोधण्यात घालवली. त्या श्रावणात गाठ माझीच निघाली.

एका शनिवारी दुपारी शस्त्रक्रिया झाली. फॉर्मवर नातेवाइकांच्या रकान्यात मी शेजारणीचं नाव लिहिलं आणि ते तिला सांगितलंही नाही. आठवड्याने रिपोर्ट आला : रिसेप्टर नाही. माझा विश्वास बसेना. मी गाठीची काचपट्टी मागून घेतली आणि माझ्याच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. प्रथिन असलेल्या पेशी तपकिरी रंगतात. इथे सगळं निळंच निळं होतं. मी दिवा बंद केला. फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. हे सांगावं असं एकही नाव सापडलं नाही, आणि मला रोगापेक्षा त्याचंच जास्त रडू आलं.

सोमवारी मी हॉस्पिटलात गेले. डॉक्टर मायाळू होते. "बेन, गुरुवारथी चालू करीए," म्हणाले. गुरुवारपासून केमो. मी मान हलवली आणि बाहेर बाकावर येऊन बसले. देवाची आठवण झाली ती फक्त एवढ्यापुरती, की आता त्याला हाक मारली तर ते मतलबीपणाचं होईल.

तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधली एक आया माझ्याजवळ येऊन उभी राहिली. पन्नाशीची, कपाळावर ठसठशीत कुंकू. मला ती आठवत नव्हती. तिने आजूबाजूला पाहिलं, खाली फरशीवर बसली आणि माझ्या आईच्या बोलीत म्हणाली, "ताई, तुमनी गाठले चिरा पडना नही. मी तशीच बरनीमा टाकी दिनी नि घर निंघी गऊ."

बाकीचं तिने हळूहळू सांगितलं. ती सुरतेतल्याच लिंबायत भागातली, मूळची आमच्याच मुलखातली. काढलेली गाठ हातोहात लॅबमध्ये नेऊन द्यायची, तिथले डॉक्टर तिला चिरा देतात आणि मग ती टिकवण्याच्या औषधात बुडवतात, हे तिला ठाऊक होतं. पण त्या शनिवारी लॅबचे डॉक्टर जागेवर नव्हते. दुसऱ्या दिवशी कानबाई बसायची होती, रोटाचे गहू दळायचे राहिले होते. तिने अख्खी गाठ बरणीत सोडली आणि घर गाठलं. रविवारी लॅब बंद, सोमवारी विसर्जनाची तिची रजा. मंगळवारी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. रोटाला बसताना मनात लपवाछपवी नको, अशी तिच्या सासूची शिकवण. त्या रविवारपासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मला आधी संताप आला, तो लपवणार नाही. मी विचारलं, गप्प राहिली असतीस तर कुणाला कळलं नसतं, मग मला येऊन का सांगितलंस? ती म्हणाली, भूल चढताना मी तिचा हात धरून आपल्या बोलीत 'माय, माय' करत होते. मला यातलं काहीच आठवत नाही. ती बोली मी आई गेल्यापासून उच्चारली नव्हती.

मी रिक्षा करून थेट प्रयोगशाळेत गेले. विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी सांगते, रोगाकडे मागाहून बघा, आधी शेजारची निरोगी दुग्धनलिका शोधा. तिच्यात हे प्रथिन असतंच. तीही निळी दिसली तर तपासणीच फसली आहे. काचपट्टीच्या कडेला अशा दोन नलिका होत्या. दोन्ही निळ्या. हा काप गाठीच्या आतल्या भागातला, औषध तिथवर पोचलंच नव्हतं, तिथलं प्रथिन नासून गेलं होतं. आणि मी, हे शिकवणारी बाई, घाबरून फक्त गाठीकडे बघत बसले होते.

गाठीच्या बाहेरच्या कडेचा, औषध नीट मुरलेला तुकडा पुन्हा तपासला. बुधवारी संध्याकाळी काचपट्टी तपकिरी दिसली. गुरुवारचं केमो रद्द झालं, गोळी सुरू झाली. मी तिचं नाव कुणाला सांगितलं नाही. मात्र तिथे आता चिरा थिएटरमध्येच देतात, एवढं मी करवून घेतलं.

हा योगायोग होता की कृपा, याचा मी निवाडा करत नाही. माझ्या हातून जे निसटलं होतं ते कुणीतरी धरून ठेवलं होतं, एवढं खरं. आयुष्यातलं निरोगी काय उरलंय तेही मी तोवर कधी शोधलं नव्हतं. आता सकाळी गोळी घेताना हात आपोआप जोडले जातात आणि मी त्यांना अडवत नाही.

पुढच्या श्रावणात तिने मला लिंबायतला बोलावलं. मी दारातच थबकले, कारण रोट घरच्यांचा. चुलीजवळून तिची सासू उठून आली आणि माझा हात धरून मला आत नेत म्हणाली, "यंदा तुमना नावना बी सव्वा मूठ गहू लिनात, ताई."

मी पंगतीला बसले. पहिला घास घेताना तोंडातून 'माय' निघालं, आणि या वेळी मी शुद्धीत होते.