‘धाकटी’ नावाचं फील्ड

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. सॉफ्टवेअर लिहिते, दिसेल तेच मानते. तरी हे सांगतेय, कारण हे माझ्याच कोडमध्ये घडलं.

मी मराठी, पण वाढले दिल्लीतल्या द्वारकेत. आमची छोटी कंपनी निराधार बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं सॉफ्टवेअर करत होती. संस्थेचे दोन आश्रम – एक फरीदाबादला, एक सरोजिनी नगरजवळ. प्रत्येक बाईची नोंद डॉक्टरशी, पालकाशी जोडायची. अशा जोडणीला आम्ही फॉरेन की म्हणतो. आश्रमाच्या गरजेप्रमाणे या जोडण्यांची फील्ड्स, म्हणजे रकाने, आपोआप तयार व्हावीत, असा कोड मी लिहिला होता. सेटिंगमध्ये दोनच नावं होती... डॉक्टर आणि पालक.

एका दुपारी ऑफिसात शेजारी बसणाऱ्या गौरवने हाक मारली, “यार, ये ‘dhakti’ क्या है? तूने डाला?”

स्क्रीनवर तिसरं फील्ड होतं. डेटाबेसमध्ये कॉलमही तयार! मी कोड, जुने बदल, लॉग सगळं तपासलं. कुठेही तो शब्द नव्हता. मला तर त्याचा अर्थही माहीत नव्हता. टीममध्ये दुसरं मराठी कुणी नाही.

आईला फोन केला.

“अगं, धाकटी म्हणजे लहान बहीण! आपण ‘छोटी’च म्हणतो ना, तू कुठून ऐकणार?”

कॉलम सगळा रिकामा, फक्त एका नोंदीत भरलेला. फरीदाबादच्या सुमनताई. स्टेशनवर सापडलेल्या, आल्यापासून एक शब्द न बोललेल्या. नाव हातावर गोंदलेलं, म्हणून कळलेलं. आणि ती जोडणी जात होती सरोजिनी नगरच्या इंदूताईंकडे.

मी संस्था चालवणाऱ्या मॅडमना फोन केला. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, “इंदू मराठी बोलती तो है... चलो, मिलवा देते हैं।”

फरीदाबादच्या अंगणात मी स्वतः होते. इंदूताई गाडीतून उतरल्या. सुमनताई मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं... ताट मांडीवरून खाली गेलं. उठल्या, इंदूताईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि स्पष्ट म्हणाल्या,

“धाकटे... किती वाळलीस गं!”

मॅडम रडत होत्या.

ऑफिसला परतल्यावर पाहिलं, तर फील्ड नव्हतं. कॉलमही नाही. “मैंने नहीं हटाया,” गौरव म्हणाला, आणि तो खोटं बोलत नाही. त्याने ते पाहिलं नसतं, तर मलाच भास झाला असं मी म्हटलं असतं.

तो कोड आजही चालतो, एकदाही चुकलेला नाही. कुणी विचारलं तर ओळ न् ओळ समजावून देईन. पण ती जोडणी कुणी केली, हे मला सांगता येत नाही. दोघी बहिणी आता फरीदाबादला एकाच खोलीत राहतात. मॅडम सांगतात, सुमनताई आता गप्प बसतच नाहीत... पंख्यावरून भांडतात.