आशीर्वाद मात्र आपल्याच पाळकाचा

बाईंनी आयुष्यात कुणाची टाचणीसुद्धा न विचारता घेतली नसेल, पण अपराधी चेहरा करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. दूध उतू गेलं की त्यांना दूधवाल्याचं वाईट वाटायचं. बिचाऱ्यानं पहाटे उठून आणलं होतं म्हणून. रिक्षातून उतरताना म्हणायच्या, "माझ्यामुळं तुला उगीच वळण पडलं बघ." मुकुंदवाडीत आमच्या चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी चर्चची सगळी मंडळी त्यांना बाईच म्हणायची, कारण त्यातल्या निम्म्या लोकांनी संडे स्कूलमध्ये त्यांच्या हाताखाली शास्त्रवचनं पाठ केली होती. त्याच निम्म्यांत आमचे हेही होते. हे आता त्या चर्चचे पाळक आहेत. चारचौघांत बाई ह्यांना "सलाम, पाळकसाहेब" म्हणायच्या आणि घरात "दान्या".

संडे स्कूलमध्ये बाईंनी कधी कुणाला मारलं नाही. वचन पाठ नसलं की त्या त्या पोराकडे बघून हळूच म्हणायच्या, "तुझं नाय रे चुकलं, मीच नीट शिकवलं नाय." आणि खरंच डोळ्याला पदर लावायच्या. हे सांगतात की त्यापेक्षा दोन छड्या परवडल्या असत्या. बाईंना रडवलं ह्या भीतीनं ह्यांनी अख्खी स्तोत्रं पाठ केली, आणि ती अजून पाठ आहेत.

टाळेबंदीत चर्चला कुलूप लागलं. ते उघडलं तोवर बाईंचे गुडघे गेले होते. चर्चच्या पायऱ्या उंच आहेत. आम्ही खुर्चीतून उचलून आणायला तयार होतो, पण आपल्यामुळं चार माणसांच्या कंबरा भरतील म्हणून बाई तयार नव्हत्या. आमची उपासना मोबाईलवर दाखवायची म्हटलं, तर आमच्या कमिटीला पंख्याचं बटण बदलायला दोन बैठका लागतात. म्हणून शेवटी मीच बाईंच्या मोबाईलवर दुसऱ्या कुठल्या मराठी मंडळीची उपासना शोधायला बसले. हा मोबाईल त्यांच्या भाच्यानं क्रांती चौकातून आणून दिला होता आणि तोवर तो फक्त रुमालात गुंडाळून ठेवलेला असायचा.

ते शोधणं म्हणजे मुलीसाठी स्थळं बघण्यासारखं झालं. एक पाळक सारखे ओरडत होते. बाई म्हणाल्या, "देव काय बहिरा हाय का गं?" दुसरीकडे गिटार आणि रंगीत दिवे होते, त्यावर त्या म्हणाल्या, "वरातीत आल्यावाणी वाटतंय." तिसऱ्यानं पडद्यावर हात ठेवा, दुखणं जाईल असं सांगितलं, तेव्हा बाईंनी हात पाठीमागे लपवला. अखेर कोकणातल्या एका गावचे पाळक सापडले. साधा लाकडी बाक, साधी पेटी, हळू आवाज. बोलता बोलता आठवेनासं झालं की चष्मा काढून पुसायचे. बाई गालात हसल्या आणि म्हणाल्या, "ह्ये बरे हायेत." त्या दिवसापासून त्यांचं नाव 'चष्मेवाले' पडलं.

बाईंना चष्मेवाले आवडले आणि इथूनच त्यांच्या जिवाला घोर लागला. आपलं चर्च हाकेच्या अंतरावर, आपल्याच हातचा पोरगा तिथं उपदेश करतोय आणि आपण दुसऱ्याचं ऐकतोय! आमची घंटा वाजली की त्या उठून चर्चकडची खिडकी लावून घ्यायच्या. रविवारची पांढरी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन, मोबाईलचा आवाज अगदी बारीक करून बसायच्या. चष्मेवाले समोर बघून बोलले की ह्या नजर खाली घालायच्या. कुणी विचारलं तर "गुडघे" म्हणायच्या. गुडघे खरेच दुखत होते, पण त्या दुखण्याची आता सोयही झाली होती, हे बाईंना कळत होतं आणि तेच त्यांना खात होतं.

एका रविवारी माझा पाय मुरगळला म्हणून मी चर्चला न जाता बाईंच्या शेजारी बसून चष्मेवाल्यांची उपासना बघितली. शेवटचं गीत झालं. आशीर्वाद द्यायला त्यांनी हात वर केला, तोच बाईंनी पटकन बोट दाबून मोबाईल बंद केला. मग भिंतीला धरून उठल्या, खिडकी उघडली, दोन्ही हातांनी गज धरले आणि चर्चकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तिकडून आमच्या लोकांचं शेवटचं गीत ऐकू येत होतं. ते थांबल्यावर बाईंनी मान खाली घातली. ह्यांचा आवाज तिथवर पोचत नव्हता, पण आता हे हात वर करून काय म्हणत असतील ते त्यांना शब्दन् शब्द ठाऊक होतं. "आमेन" म्हणून त्या वळल्या तर समोर मी. चोरी पकडल्यासारख्या म्हणाल्या, "उपदेश कुणाचाबी ऐकावा गं. आशीर्वाद मात्र आपल्याच पाळकाचा घ्यावा. आन् उभं राहून घ्यावा." दर रविवारी हे असंच चालायचं, आणि गुडघ्यांना त्यानंतर पार संध्याकाळपर्यंत शेक द्यावा लागायचा.

आता घरातली गोष्ट. आमचे हे मनानं सोनं, पण उपदेशाला उभे राहिले की पहिल्या पाच मिनिटांत मागच्या बाकावर घोरणं सुरू. ह्यांना ते लागायचं. एकदा जेवताना मीच सहज म्हणाले, "मोबाईलवर कोकणातले एक पाळक येतात, ते जरा ऐका तरी." झालं. हे दर शनिवारी संध्याकाळी कानात वायर घालून गच्चीवर फेऱ्या मारायला लागले. मग रविवारच्या उपदेशात होड्या आल्या, भरती-ओहोटी आली. मुकुंदवाडीत भरती-ओहोटी! पुढं ह्यांनी शहाणपणानं होडीची एसटी केली. लोक जागे राहायला लागले, तेव्हा मीही काही बोलले नाही. एकाच विहिरीवर मी दोघांना नेलं होतं आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी हे बाईंच्या घरी प्रभुभोजन घेऊन जायचे. लहानशा पेटीत येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि प्याला, आणि देण्याआधी सकाळच्या उपदेशातलं थोडं बोलायचं, अशी रीत होती. त्या दिवशी हे म्हणाले, "माझी आई दिवेलागणीला उंबऱ्यात बसून गोधडी शिवायची. मी विचारायचो, आई, ह्या चिंध्या टाकून का देत नाहीस? ती म्हणायची, फाटलं म्हणून टाकायचं नसतं बाळा, जोडायचं असतं. देवही आपल्याला तसंच जोडतो." मला ती आई ओळखीची वाटली. आदल्याच रविवारी चष्मेवाल्यांच्या उपदेशात त्यांची आई उंबऱ्यात बसून मासे धरायचं जाळं सांधत होती, बाईंनीच मला ते सांगितलं होतं. बाईंनी डोळे उघडून ह्यांच्याकडे बघितलं आणि परत मिटले. ह्यांनी भाकर पुढे केली, तर बाई म्हणाल्या, "आज नको."

"बरं नाही का, बाई?"

"तब्येतीचं नाय. मन साफ नाय माझं."

आमच्यात प्रभुभोजन नाकारणं ही साधी गोष्ट नाही. मनात कुणाबद्दल किल्मिष असेल तर आधी ते मिटवावं आणि मग हात पुढे करावा, असं बाईंनीच सगळ्यांना शिकवलं होतं. हे पेटी तशीच घेऊन घरी आले आणि जेवले नाहीत. "बाई माझ्यावर रागावल्यात का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "ते मला नका विचारू. उद्या आपण परत जाऊ, पेटी घ्या बरोबर."

दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या ओट्याशी चहा टाकला आणि कान बाहेर ठेवले. बाईंनी बराच वेळ पदराचं टोक चाचपलं. मग एकदम म्हणाल्या, "दान्या, मी दर रविवारी दुसरीकडं जाते."

"दुसरीकडं? बाई, तुम्हाला तर उंबरा ओलांडवत नाही."

बाईंनी मोबाईल ह्यांच्यासमोर ठेवला. "ह्यात जाते. तुझी घंटा वाजती तवा मी खिडकी लावून घेते. एवढी मोठी चूक करून तुझ्या हातून भाकर कशी घेऊ?"

पडद्यावर चष्मेवाल्यांचा फोटो होता. तो बघून ह्यांचे कान लाल झाले. तरी पाळकच ते, सावरून म्हणाले, "अहो बाई, त्यात काय एवढं? देव सगळीकडे..."

"थांब," बाई म्हणाल्या. "जाळं मीबी ऐकलंय."

चहा उकळून वर आला, मी गॅस बारीक केला. हे खाली बघत बसले होते. बाईंच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. त्या म्हणाल्या, "उपदेश घे रे कुणाचाबी. मी काय म्हणत नाय. पण आई तरी तुझी सांगायची होती."

हे म्हणाले, "माझ्याजवळ नाही ना, बाई. मला ती आठवतच नाही. मग कुठली सांगू?"

हे बोलायला शिकत होते तेव्हाच ह्यांची आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. दुसरी आई चांगली होती, तिनं ह्यांना पोटच्यासारखं वाढवलं, आणि तिचं मन दुखू नये म्हणून पहिलीचं नाव घरात, चर्चमध्ये कुणी काढलं नाही. पुढं तीही वारली, तरी न बोलण्याची सवय तशीच राहिली. पहिली आई, शेवंता, ही बाईंची जिवाची मैत्रीण होती. रिक्षावाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांचे अपराध अंगावर घेणाऱ्या बाईंना आपला खरा अपराध त्या दिवशी समोर दिसला. त्यांचा चेहरा असा झाला की मी गॅस बंद करून बाहेर आले.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही हजारदा ऐकलं होतं, पण ह्या वेळी ते निराळं होतं. "एवढी वचनं पाठ करून घेतली तुझ्याकडून. तुझी आई तेवढी सांगितली नाय."

मग बाई सांगायला लागल्या. "गोधडी कुठली शिवतीय! शेवंताला सुई धरता येत नव्हती. बटन तुटलं की माझ्याकडं यायची. भाकरीबी वाकडीच. पण हसायची लई. तिचं माहेर पिशोरकडचं. तिकडून सीताफळं यायची, तर ती पिशवी घिऊन चर्चला यायची. मागच्या बाकावर आमी दोघी. एकदा प्रार्थना चालू, डोळे मिटल्यालं, आन् ही सीताफळ खाऊन बिया पदरात जमवतीय. पदर सुटला. फरशीवर बिया टपाटपा! पाळकसाहेब प्रार्थना थांबून बघायले. मी मेल्यावाणी झाले. ही मातर हसतीय, हसतीय. दोघींना भाईर काढलं." बाईंनी ह्यांच्याकडे बघितलं. "तवा तू पोटात होतास. म्हंजी तूबी भाईर काढला गेलास."

ह्यांना हसू फुटलं. आधी दाबलं, मग दाबेना. हे मोठ्यानं हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाई एकटक बघत होत्या. म्हणाल्या, "हां. आस्सं हसायची."

त्या संध्याकाळी ह्यांनी पेटी उघडली, पण हात थांबला. "बाई, मन तर माझंही साफ नाही." बाई म्हणाल्या, "मग आधी दोघं मिळून माफी मागू." त्यांनीच प्रार्थना केली, आणि मग ह्यांच्या हातून भाकर घेतली.

पुढच्या रविवारी ह्यांनी उपदेशात सीताफळाच्या बिया सांगितल्या. सगळं चर्च हसलं. बियांनंतरचा उपदेश ह्यांचा स्वतःचा होता, त्यामुळे मागच्या बाकावर लवकरच घोरणं सुरू झालं. पण हे कमिटीशी पहिल्यांदाच भांडले आणि मोबाईल लावायला एक तिपाई आणवली. सेक्रेटरींच्या मोबाईलवरून आमची उपासना आता बाईंच्या घरी दिसू लागली. मला वाटलं, बाई सुटल्या एकदाच्या. तर त्या चेहरा पाडून म्हणाल्या, "चष्मेवाल्यांना काय वाटंल गं? न सांगता सोडलं त्यांना." शेवटी त्यांचा उपदेश सोमवारी ऐकायचा असं ठरलं. आशीर्वादाआधी बंद करूनच.

हिवाळ्यात बाईंना छातीचा त्रास झाला आणि दवाखान्यात ठेवलं. रविवारी मी त्यांच्याजवळ होते. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. हे बोलत होते, सलाईन थेंब थेंब पडत होतं, बाई अर्धवट मिटल्या डोळ्यांनी ऐकत होत्या. शेवटचं गीत संपलं. ह्यांनी आशीर्वादासाठी हात वर केला, आणि चादरीतून बाईंचं बोट बाहेर आलं. सवयीनं ते सरळ मोबाईल बंद करायला निघालं होतं. मी तो हात धरला. "बाई, राहू द्या. हे आपलेच आहेत."

त्यांनी डोळे उघडून नीट बघितलं. "व्हय की गं," म्हणाल्या, आणि उठायला लागल्या. मी त्यांना उठू दिलं नाही. नळी निघाली असती. त्यांची उठायची धडपड चालू असतानाच ह्यांचा आशीर्वाद संपला. बाई उशीवर परत टेकल्या, "आमेन" म्हणाल्या, आणि त्यांचा तो नेहमीचा चेहरा झाला.

"पडून घेतला गं. आजवर कदी बसूनबी घेतला नव्हता. दान्याला सांगू नको."

त्याच आठवड्यात बाई गेल्या. मातीहून परत येताना हे मला म्हणाले, "शेवटच्या रविवारी माझा आशीर्वाद त्यांना पोचला ना? दवाखान्यातसुद्धा उभ्या राहिल्या असतील, मला माहीत आहे." मी "हो" म्हणाले. आता दर रविवारी ह्यांचा हात वर गेला की मी सगळ्यांबरोबर उभी राहते आणि मान जरा जास्तच खाली घालते, कारण त्या वेळी माझा चेहरा अगदी बाईंसारखा होत असणार.